कासची उंची वाढली. आता पायथ्याला नेमकं काय बघायचं?

यवतेश्वर_घाटमाथा (प्रश्न)

साताऱ्याजवळच्या कास तलावाचा साठा बांधाची उंची वाढवल्यावर जवळजवळ पाचपट झाला, म्हणजे सुमारे ०.१ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) अर्धा टीएमसी. मूळ बांध इंग्रजांच्या काळातला, मातीचा. निम्म्या साताऱ्याच्या घशाखाली हेच पाणी उतरतं. पावसाळा आला की कुठल्या ना कुठल्या धरणाचा ‘गळतंय बघा’ म्हणून व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरायला लागतो, आणि खरा कुठला, खोटा कुठला हे सामान्य माणसाला कळत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो.

मातीच्या धरणाच्या पायथ्याला ओल किंवा वाहतं पाणी दिसणं कितपत स्वाभाविक? कुठलं लक्षण दिसलं की धावायचं? जुन्या मातीच्या बांधाची उंची वाढवली की कमकुवत जागा कुठे राहू शकते? आणि उरमोडी धरणावरून पाणी उचलणारी शहापूरची योजना आहे, कृष्णेवरून जीवन प्राधिकरणाचं पाणी आहे, तरी कासला एवढं महत्त्व का?

‘काळजी करू नका’ एवढंच उत्तर नको. कारण सांगा.

गाभा_गाळणी

मातीचं धरण झिरपतं, आणि झिरपणार हे धरूनच त्याचा आराखडा केलेला असतो. मध्ये चिकण काळ्या मातीचा गाभा, साइटवर सगळे त्याला हार्टिंग म्हणतात. दोन्ही अंगांना मुरमाड केसिंग, म्हणजे बाहेरचा भराव. गाभा पाणी पूर्ण अडवत नाही, फक्त अगदी संथ करतो. जे थोडं पाणी पलीकडे येतं त्याला सुखरूप वाट मिळावी म्हणून गाभ्याच्या पाठीला वाळूची गाळणी, तळाला आडवी गाळणी आणि शेवटी पायथ्याशी दगडांचा टो, म्हणजे पाणी निथळू देणारी दगडी रास. तिथून पाणी चरात, आणि चरातून व्ही-नॉचवर, म्हणजे पत्र्यातल्या व्ही आकाराच्या खाचेवर, मोजमापाला. त्यामुळे चरात स्वच्छ पाणी वाहतंय म्हणजे गाळणी आपलं काम करतेय. उलट भरलेल्या धरणाचा नेहमी वाहणारा चर एकाएकी आटला तर ती काळजीची बाब आहे. गाळणी बुजली असेल तर बांधाच्या आतली पाण्याची रेषा वर चढते आणि उताराच्या मध्यावर ओल फुटते. पायथ्याची ओल आणि उताराच्या मध्यावरची ओल यांत म्हणूनच मोठा फरक आहे. दुसरी दिसली तर त्याच दिवशी कळवायची.

खरं भय गढूळपणाचं. पाणी येतंय यापेक्षा पाण्याबरोबर माती येतेय का, हा प्रश्न महत्त्वाचा. पारदर्शक बाटलीत चरातलं पाणी भरा आणि तासभर न हलवता ठेवा. तळाशी मातीचा थर बसला तर आतले कण बाहेर पडताहेत. यालाच पायपिंग म्हणतात. कण निघाले की तिथे पोकळी होते, पोकळीत पाण्याचा वेग वाढतो, वाढलेला वेग आणखी माती ओढतो. ही नळी पायथ्याकडून तलावाच्या दिशेने मागे मागे सरकत जाते, त्यामुळे बरेच दिवस वरून काहीच दिसत नाही. ती तलावाला जाऊन मिळाली की मग हातात तासच उरतात. बाटली भरताना एक काळजी घ्या: पावसाच्या सरीत उतारावरची माती धुपून चरात येते, तेव्हाचा नमुना काही सांगत नाही.

व्ही-नॉच वाचता आला तर अर्धी चिंता मिटते. ९० अंशांच्या नॉचवर पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास. १० सेंटिमीटरला ४.४ लिटर. १५ ला १२ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपटीहून जास्त वाढतं, म्हणून ‘दोन-तीन सेंटिमीटरच वाढलंय’ असं म्हणून सोडून द्यायचं नसतं. आणि उंची मोजायची ती नॉचच्या खाचेतच नव्हे. काठाजवळ पाणी खाली झुकतं, म्हणून थोडं मागे, संथ पाण्यात पट्टी लावायची. हा आकडा एकटा काही बोलत नाही. त्याच्याशेजारी त्या दिवशीची तलावाची पातळी आणि पाऊस लिहा. तलाव त्याच पातळीला, पाऊस नाही, तरीही नॉचचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा वाढलेला, ही खरी बातमी.

आता उंचीवाढीचं. जुना बांध शंभर वर्षांत बसून घट्ट झालेला असतो. त्याला जोडून टाकलेली नवी माती पुढची काही वर्षं बसत राहते. दोघांच्या बसण्यात फरक पडला की जोडावर भेग येते. म्हणून वाढ करताना जुन्या उताराची वरची मुळं-गवताची माती काढून टाकायची, उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापायचा, पाणी मारायचं आणि नवी माती वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या थरांत टाकून प्रत्येक थर रोलरने दाबायचा. जुना गाभा आणि नवा गाभा एकसंध झाला पाहिजे, आणि जुनी गाळणी नव्या भरावाखाली मुकाट गाडली न जाता नव्या गाळणीला जोडली गेली पाहिजे. ही शेवटची गोष्ट मातीकामाखाली झाकली जाते, नंतर तपासता येत नाही, म्हणून तिथले कामावरचे फोटो आणि मोजमापपुस्तक जपून ठेवायला हवं.

माथ्यावर बांधाच्या लांबीला समांतर जाणारी बारीक भेग बहुतेक वेळा बसण्याची असते. तलावाकडून पायथ्याकडे आडवी जाणारी भेग जास्त वाईट, कारण ती पाण्याला आरपार रस्ता देते. ती बांध डोंगराला मिळतो त्या दोन टोकांपाशी आधी शोधा. कुठलीही भेग दिसली तर दोन्ही टोकांना खुंटी ठोकून तारीख लिहायची, पाऊस आत जाऊ नये म्हणून प्लास्टिक टाकायचं, आणि दुरुस्ती करताना भेगेच्या तळापर्यंत चर खणून ओलसर चिकणमातीने थराथराने कुटून भरायचं. वरून सिमेंटचं पाणी ओतणं म्हणजे दुखणं झाकणं.

आणि सगळ्यात नाजूक जागा, बांधाच्या पोटातून जाणारं विमोचकाचं, म्हणजे तलावातलं पाणी बाहेर सोडायच्या वाटेचं, बांधकाम. काँक्रीटच्या कडेला माती रोलरने दाबता येत नाही, हाताने कुटावी लागते, आणि तिथे कुचराई झाली की पाणी काँक्रीटच्या अंगाअंगाने वाट काढतं. पानशेतचं नवं, अजून पुरतं न झालेलं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. तिथे विमोचकाच्या बांधकामावरचा भराव खचला, माथा खाली बसला आणि तिथूनच पाणी वरून गेलं. पुढे खडकवासलाही फुटलं आणि पुण्याचं पिण्याचं पाणीही गेलं. मातीच्या धरणाच्या माथ्यावर कुठे खळगा दिसला तर त्याच्या बरोबर खाली काय आहे हे आधी बघायचं, ते या धड्यामुळे.

सड्यावरचा_जांभा

वरच्या उत्तराला एक स्थानिक जोड. कासचा परिसर जांभ्याचा आहे. जांभा सच्छिद्र, पोकळ्यांचा. पावसाचं पाणी सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या सपाट खडकावरून, आत उतरतं आणि जिथे खाली चिकट मातीचा थर लागतो तिथे आडवं होऊन बाहेर फुटतं. पावसाळ्यात या डोंगरांच्या कडेला जागोजागी झरे दिसतात ते असे. त्यामुळे बांधाच्या टोकाला डोंगराच्या अंगाने पाणी दिसलं तर ते धरणाचं की डोंगराचं, हे आधी ठरवा.

सोपा मार्ग कॅलेंडरचा. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस थांबून तीन-चार महिने झालेले असतात, पण तलावात साठा भरपूर असतो. तेव्हाही तो झरा तितकाच चालू असेल आणि तलाव उतरेल तसा कमी होत असेल, तर तो तलावाचा. तलाव भरलेला असतानाच झरा आटला, तर डोंगराचा. याहून पक्कं हवं असेल तर तलावाचं आणि झऱ्याचं पाणी, दोन्हींची विद्युत वाहकता आणि तापमान मोजायचं, आणि तरीही शंका राहिली तर तज्ज्ञांकडून रंगद्रव्याची चाचणी. पिण्याच्या तलावात कुणी हौसेने रंग टाकायचा नाही.

पण तलावाचं पाणी जांभ्यातून येतंय असं ठरलं तर ‘धरण ठीक आहे, डोंगर गळतोय’ म्हणून गप्प बसू नका. टोकाच्या डोंगरातली गळती वाढत गेली तर गाभ्याची कड उघडी पडते.

सांडवा_मोकळा_ठेवा

पाझरावर बरीच चर्चा झाली. मी दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण मातीचं धरण फुटण्याची दोन मोठी कारणं आहेत: आतून पायपिंग आणि वरून पाणी जाणं. काँक्रीटच्या धरणावरून थोडं पाणी गेलं तर ते बहुधा तग धरतं, मातीचं धरत नाही. माथ्यावरून पाण्याची धार सुरू झाली की खालचा उतार ओरबाडला जातो.

म्हणून सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट, हा अशा धरणाचा जीव. त्यावरून जाणारं पाणी उंचीच्या दीडव्या घातात बदलतं. समजा सांडवा ४० मीटर रुंद आहे आणि पुरात त्यावर १ मीटर पाणी चढायचं आहे. तर सेकंदाला ७० घनमीटरच्या आसपास पाणी निघून जातं. आता कुणी ‘उन्हाळ्याला उपयोगी पडेल’ म्हणून सांडव्यावर अर्धा मीटर वाळूची पोती रचली. त्याच पुराच्या पातळीला आता फक्त अर्धा मीटर पाणी वाहणार, आणि विसर्ग निम्मा न होता साधारण ३५ टक्क्यांवर येणार. उरलेलं पाणी तलावात चढत राहणार आणि मुक्तांतर खाऊन टाकणार. मुक्तांतर म्हणजे पुराच्या कमाल पातळीपासून माथ्यापर्यंतची कोरडी जागा, लाटांसाठी आणि अंदाज चुकला तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली. माथा बसला तरी तीच कमी होते, म्हणून माथ्याची पातळी दरवर्षी लेव्हल लावून बघायची.

सांडव्याचं दुसरं दुखणं खालच्या अंगाला. पाणी जिथे पडतं तिथला खडक उखडत उखडत खड्डा मागे सरकतो आणि सांडव्याच्या भिंतीचा पाया पोकळ करतो. पावसाळा संपल्यावर तो खड्डा मोजायचा. भरून वाहणारा सांडवा बघायला गर्दी होते हे समजू शकतो, पण तिथे उतरू नये. शेवाळावर पाय सुटतो, आणि वर जोराची सर झाली की पातळी डोळ्यांदेखत बदलते.

यवतेश्वर_घाटमाथा

मंडळी, फार उपयोगी माहिती. दोन उपप्रश्न. बांधावर झाडं लावून ‘सुशोभीकरण’ करावं का? आणि खेकडे-उंदरांच्या बिळांचं किती मनावर घ्यायचं? आणि कासला एवढं महत्त्व का, याचं उत्तर अजून बाकी आहे.

गाभा_गाळणी

झाडं अजिबात नकोत. आखूड गवत हवं. मोठं झाड वाऱ्याने उन्मळलं तर मुळांबरोबर घमेली घमेली माती घेऊन जातं, आणि तोडलेल्या झाडाची मुळं कुजली की आत नळ्या तयार होतात. झुडपं माजली की ओल, भेगा, खळगे दिसतच नाहीत, आणि तपासणीला नजर हेच पहिलं हत्यार आहे.

बीळ वाईटच, पण ते धरणाची पूर्ण रुंदी ओलांडून जात नाही. ते बांधाच्या वरच्या भागात असेल आणि तलाव तिथपर्यंत चढला तर मात्र गळतीची वाट छोटी होते. बीळ खणून उघडायचं आणि ओलसर मातीने कुटून भरायचं. तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, त्यानंतर खेकड्यांवरच बरीच चर्चा झाली. एवढ्याने कारण संपत नाही. गळती दिसल्यापासून दुरुस्ती होईपर्यंत किती दिवस गेले, हा प्रश्न कुठल्याही बिळापेक्षा मोठा असतो.

एक राहिलं. तलाव घाईने रिकामा करणंही घातक. भिजलेला तलावाकडचा उतार पाण्याच्या टेकूवर उभा असतो. पाणी झपाट्याने उतरलं तर टेकू जातो, आतलं पाणी तसंच राहतं आणि उतार पिचिंगसकट, म्हणजे वरच्या दगडी अस्तरासकट, घसरतो.

वॉशआउट

कासला एवढं महत्त्व का, या प्रश्नावर येतो. कासचं मोल उंचीत आहे. तलाव शहराच्या वर, पाणी उताराने येतं, पंप लागत नाही. उरमोडीवरून किंवा कृष्णेवरून घेतलेलं पाणी वर चढवावं लागतं. १ कोटी लिटर पाणी १०० मीटर चढवायला, पंपात वाया जाणारी ऊर्जा धरून, ४,००० युनिटच्या आसपास वीज जाते, तीही दररोज. वीज गेली की उपसा थांबतो, टाक्या भरत नाहीत, दुसऱ्या दिवशी पेठेत बोंब. कासच्या पाण्याला तो धोका नाही.

साठ्याचं गणित बघा. माणशी १३५ लिटर हा नेहमीचा निकष धरला आणि उदाहरणापुरती दीड लाख माणसं धरली, तर दिवसाला २ कोटी लिटर लागतात. ०.१ टीएमसी म्हणजे २८३ कोटी लिटर, पूर्ण शहराला साडेचार महिनेच. म्हणून जुना कास एकट्याने ऑक्टोबर ते जून पेलू शकत नव्हता. अर्धा टीएमसी म्हणजे १,४१६ कोटी लिटर. कागदावर जवळपास दोन वर्षं, पण असं कुणी समजू नये. तळातला साठा उचलता येत नाही, पाऊस संपल्यापासून मे अखेरपर्यंत पृष्ठभागावरून एक-दीड मीटर थर उडून जातो, आणि शेवटी शहराला मिळणार तेवढंच जेवढं जलवाहिनी आणि सांबरवाडीचं शुद्धीकरण केंद्र पेलेल. धरण पाचपट झालं म्हणून नळाचं पाणी पाचपट होत नाही. वाढलेला साठा नळाच्या धारेपेक्षा उन्हाळ्याच्या लांबीला उपयोगी.

वाहिनीबद्दल बोलायलाच हवं, कारण धरण सुरक्षित असूनही शहर कोरडं पडतं ते इथे. कास ते सातारा पंचवीस किलोमीटरच्या घरात अंतर. उंची दर १० मीटर उतरली की दाब चौरस सेंटिमीटरला १ किलोने वाढतो, त्यामुळे मध्ये दाब तोडणाऱ्या टाक्या लागतात. चढाच्या माथ्यावर हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह, खोलगट जागी गाळ काढायचा वॉशआउट. एअर व्हॉल्व्ह अडकला तर हवा माथ्यावर साठून राहते आणि पाइप फुटलेला नसतानाही प्रवाह निम्मा होतो. बंद केलेली वाहिनी पुन्हा सुरू करताना व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, नाहीतर हवा आणि पाण्याच्या धक्क्याने जॉइंट निखळतात. आणि गळती किरकोळ समजू नका: ५ किलो दाबाखालच्या वाहिनीला १० मिलिमीटरचं एक भोक पडलं तर दिवसाला सव्वा लाख लिटर पाणी जातं, म्हणजे नऊशेहून जास्त माणसांचं.

पाण्याच्या प्रतीचंही एक. उंची वाढली की नवी जमीन बुडते. गवत, पालापाचोळा, मुळं पहिली काही वर्षं कुजत राहतात. उन्हाळ्यात तळाच्या थरातला प्राणवायू संपतो आणि लोह-मँगनीज विरघळून पाण्याला वास, पिवळट-काळपट छटा येते. उपाय धरणापाशीच आहे: तलावातून पाणी घ्यायच्या विहिरीला वेगवेगळ्या पातळ्यांवर झडपा असतील तर पृष्ठभागाखालून दोन-तीन मीटरवरचं पाणी घ्यायचं, अगदी तळाचं नाही. नंतर वायुवीजन आणि तुरटी. फक्त क्लोरीन वाढवून वास जात नाही, बऱ्याचदा वाढतो.

आयर्विन_४५

सांगलीकडून दोन ओळी. आमच्या शहराला डोंगरावरचं असं स्वतःचं धरण नाही. कृष्णेतून जॅकवेलने, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीने, उपसा, म्हणजे उन्हाळ्यात वर कोयनेतून किती सोडलं यावर नदीची पातळी, आणि पुरात जॅकवेलच पाण्यात. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी ५७ फुटांवर गेली तेव्हा चहूकडे पाणी आणि प्यायला टँकर, अशी गत होती. साताऱ्याला उताराने येणारा एक स्रोत आणि उपशाचे दुसरे स्रोत असं दुहेरी पाणी आहे. एकाला निकालात काढून दुसऱ्यावर विसंबू नका.

आणि काही जण कासला पूरनियंत्रणाशी जोडतात, ते बरोबर नाही. कोयनेचा साठा १०५.२५ टीएमसी. त्याच्यापुढे अर्धा टीएमसी म्हणजे आमच्या पुरात हिशेबात धरण्याजोगं पाणी नाही. पिण्याच्या धरणाचं काम भरलेलं राहणं. पुरासाठी रिकामी जागा ठेवणं हे त्याच्या स्वभावाच्या उलट आहे.

कलम_बघा

कायद्याची बाजू. धरण सुरक्षा कायदा २०२१, अंमल ३० डिसेंबर २०२१ पासून. १५ मीटरहून उंच धरणं सरसकट त्यात येतात. १० ते १५ मीटरची धरणं काही अटींवर, त्यातली एक अट साठा १० लाख घनमीटर किंवा जास्त असणं. अर्धा टीएमसी म्हणजे सुमारे १ कोटी ४१ लाख घनमीटर, त्यामुळे साठ्याच्या कसोटीवर कास कुठल्या कुठे पुढे आहे. जबाबदारी मालकावर. कासचा मालक सातारा नगरपालिका, म्हणजे ‘ते पाटबंधाऱ्याचं काम’ म्हणून पालिकेला हात झटकता येत नाहीत.

मालकाने पावसाळ्याआधी आणि नंतर अशी वर्षातून दोनदा तपासणी करायची, शिवाय मोठा पूर किंवा भूकंप झाला की लगेच. भूकंपाची अट आपल्याला शोभेची नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेची १०३ मीटरची भिंत फुटली नाही, पण न सांडणाऱ्या भागात तिला आडव्या भेगा पडल्या आणि पाठीमागून काँक्रीटचे टेकू देऊन ती बळकट करावी लागली. मातीच्या धरणाला हादऱ्यानंतर माथ्याच्या भेगा, नॉचचा आकडा आणि विमोचकाचे जोड हे तीन आधी बघतात.

नागरिक म्हणून माहिती अधिकारात नेमकं मागा, ‘धरण सुरक्षित आहे का’ असं मोघम विचारू नका. मागायचं ते असं: मागच्या दोन वर्षांचे पावसाळ्यापूर्वीचे व नंतरचे तपासणी अहवाल, व्ही-नॉचच्या नोंदवहीच्या प्रती तलावपातळीसह, माथ्याच्या पातळीची मोजणी, सांडव्याची संकल्पित पूरक्षमता, आणि आपत्कालीन कृती आराखडा. हा आराखडा तयार करायला कायद्याने मालकाला पाच वर्षं दिली आहेत. कासचं पाणी उरमोडीच्या खोऱ्यात उतरतं, तिथली गावं आणि खाली उरमोडी धरण, या सगळ्यांपर्यंत किती वेळात पाणी पोहोचेल आणि कोण कुणाला फोन करेल, हे त्यात लिहिलेलं असायला हवं.

गाभा_गाळणी

शेवटचं, कारण हे कुणी सांगत नाही. पायथ्याला पाणी बुडबुडत मातीसकट वर येताना दिसलं तर पहिली प्रतिक्रिया ते बुजवण्याची असते. चिकणमाती, प्लास्टिक, सिमेंटची पोती काहीही टाकतात. टाकू नका. तोंड बंद झालं की आतला दाब वाढतो आणि पाणी शेजारून फुटतं. त्यावर उलटी गाळणी घालतात: आधी जाडसर स्वच्छ वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि दगड. पाणी येऊ द्यायचं, माती थांबवायची. वाळूच उचलली जात असेल इतका जोर असेल तर आधी मोठी खडी टाकून जोर मोडायचा आणि मग वाळूपासून सुरुवात. हे काम धरणावरच्या माणसांचं आहे, म्हणून वाळू-खडीचे ढीग पावसाळ्याआधी पायथ्याजवळ रचलेले असले पाहिजेत. रात्री घाटातून डंपर वर चढवण्याची वेळ येऊ नये.

बघणाऱ्याने जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवायचं. जागा सांगताना ‘बांधाच्या खाली’ एवढ्याने भागत नाही; सांडव्याच्या टोकापासून किती पावलं, माथ्यापासून किती खाली, पाणी स्वच्छ की गढूळ, तासाभरापूर्वी किती होतं, आणि एक फोटो, ज्यात मापासाठी काठी किंवा बाटली शेजारी ठेवलेली असेल.